कमरपट्टीतली गाठ

जेगान शिंप्याने त्या सकाळी अन्सू साम्बूला गुलाम म्हटलं नाही. अन्सू दुकानाच्या उंबऱ्यात आला तसा तो मशीनवरून उठला, हात पुसले, घडी घातलेली पँट दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाला, "या, साम्बूसाहेब. रात्र शांततेत गेली ना? घरचे सगळे शांततेत?" एवढंच. बाहेर ग्राँ योफ वस्तीचा रस्ता रोजच्यासारखाच चालला होता, पावाच्या टपरीपाशी बायका उधारीवरून हसत होत्या, कुणाची तरी मेंढी नळापाशी ओरडत होती. काही पडलं नव्हतं, फुटलं नव्हतं. पण अन्सू उंबऱ्यातच थबकला. जेगानने खुर्ची फडक्याने झटकून त्याच्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत त्याने अन्सूला कधी खुर्ची दिली नव्हती. उलट अन्सू बसलेला दिसला की त्याला उठवायचा, गुलाम मालकासमोर बसतो का म्हणून. आणि ही पँट तर कमरेत सैल करायला दिलेली. एरवी या पोटावर जेगानने आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं, सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं असतं की हा भातखाऊ बघा, कापड संपलं पण पोट संपेना. आज तो शिवणकामाचे पैसेदेखील नको म्हणाला. अन्सूने पँट काखेत धरली, "शांतताच आहे" असं पुटपुटला आणि बाहेर पडला. कोपरा वळेपर्यंत आपण मागे न बघता चालतो आहोत आणि पाठ मात्र पूर्णपणे मागेच बघते आहे, असं त्याला वाटत राहिलं.

जेगान सेरेर जमातीचा, अन्सू जोला जमातीचा. दोन्ही जमातींच्या मूळ आया सख्ख्या बहिणी, एका होडीत बसून निघालेल्या, होडी मधोमध मोडली आणि एक उत्तरेला लागली, एक दक्षिणेला, असं दोघांनाही लहानपणापासून सांगितलेलं. म्हणून सेरेराने जोलाला गुलाम म्हणायचं आणि जोलाने सेरेराला. कुणाचं खरं हे ठरवायचं नसतं, ठरलं तर मजाच संपली. या नात्यात रागवायला बंदी, हात उगारायला बंदी, एकमेकांचं रक्त सांडायला बंदी, आणि शाप द्यायला तर सक्त मनाई; दिलाच तर तो देणाऱ्याच्याच दारात परत येतो. अन्सूची आई गेली तेव्हा घरातून तिला उचलायची वेळ आली आणि हा जेगान वाटेत आडवा झोपला. "ही म्हातारी माझी चाकर आहे," तो ओरडला, "माझी बाजरी कांडायची बाकी आहे आणि आता झोपेचं सोंग घेते. उठवा तिला." रडणाऱ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. अन्सू स्वतः हसला, आईच्या तिरडीशी उभा राहून हसला, आणि त्या हसण्यामुळेच त्या दिवशी तो जमिनीवर कोसळला नाही. असा माणूस जवळ असणं म्हणजे घराला एक जास्तीची भिंत असणं. आता ती भिंत सभ्यपणे बाजूला सरकली होती. थट्टा बंद म्हणजे नातं बंद, आणि नातं बंद म्हणजे बाकीच्या जगासारखाच जेगानही आता हवं ते करायला मोकळा. 

घरी येऊन त्याने पँट घातली. दुपारी बास्केटबॉलचा सामना होता, पंचाची काळी पँट एकच होती. कमरेत छान बसली, पण मागच्या बाजूला, मणक्याच्या जरा उजवीकडे, पट्टीच्या आत काहीतरी होतं. बोटाच्या पेराएवढं, कडक. त्याने चाचपलं. शिवणीची गाठ असेल म्हणून पुन्हा चाचपलं. जेगानच्या शिवणीत गाठ कधीच नसते, हे सगळं ग्राँ योफ जाणतं. बायकोने, सिराने, बोट लावून पाहिलं आणि पटकन हात मागे घेतला. उसवून बघ, ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, नको, उसवू नकोस. कुणी काही बांधून शिवलेलं असेल तर उघडणाऱ्यालाच आधी लागतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दुसरी पँट घाल, असंही तिने सुचवलं. दुसरी नव्हती. सिरा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "त्या पोरीला एकदा भेटून यायचं होतंस." अन्सू बुटांच्या नाड्या बांधत बसला.

ती पोरगी म्हणजे तेनिंग, जेगानची धाकटी. अन्सूच्या मांडीवर वाढलेली. वस्त्यावस्त्यांच्या स्पर्धेत ग्राँ योफकडून चेंडू तीच पुढे आणायची, आणि ती चेंडू आपटत निघाली की बाकीच्या नऊ जणी नुसत्या तिच्या भोवती मांडल्यासारख्या दिसायच्या. उपांत्य सामन्याला अन्सू पंच होता. आपल्याच वस्तीचा सामना नको, असं त्याने सांगून पाहिलं होतं. पंच मंडळवाले म्हणाले, सगळेच कुठल्या ना कुठल्या वस्तीचे, चंद्रावरून आणायचे का पंच? पहिल्या अर्ध्यात जेगान नेहमीसारखा पहिल्या रांगेत उभा राहून ओरडला होता, "घाबरू नका रे, शिटी माझ्या गुलामाच्या तोंडात आहे. मी म्हणेन तेव्हा वाजेल." सगळी गॅलरी हसत सुटली. अन्सूही गालात हसला. नंतर मात्र समोरच्या वस्तीच्या बाकांवरून तेच वाक्य परत येऊ लागलं, हसू काढून टाकलेलं. तेनिंगला कुणी हात लावला आणि अन्सूने शिटी वाजवली की तिकडून आवाज यायचा, मालकाने सांगितलं वाटतं. अन्सूच्या ओठांत शिटी हळूहळू जड झाली. मग तेनिंगच्या कमरेवर हात टेकून तिला कुणी रेटत नेलं, ते त्याने एकदा शिटी न वाजवता सोडून दिलं. मग आणखी एकदा. पहिल्यांदा सोडलं की दुसऱ्यांदा सोडायला काहीच लागत नाही.

त्याला पंचगिरी शिकवणारा म्हातारा पुन्हा पुन्हा एकच सांगायचा. चेंडूकडे बघू नका, चेंडू फाऊल करत नाही. अडवणाऱ्याचे पाय बघा. दोन्ही पाय टेकलेले, तोंड समोर, छाती समोर, मग जागा त्याची. चेंडूवाला त्याच्या छातीवर आदळला तर दोष चेंडूवाल्याचा. पण अडवणारा अजून सरकत असेल, कुल्ला बाहेर काढला असेल, गुडघा पुढे असेल, तर दोष अडवणाऱ्याचा. आणि एक गोष्ट म्हातारा आवाज खाली आणून सांगायचा, जणू ती खेळाबाहेरची आहे. ज्याच्या हातात चेंडू नाही, त्याच्या वाटेत उभं राहायचं तर त्याला थांबायला वेळ आणि अंतर द्यावं लागतं. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला यातलं काहीच मिळत नाही. कुठल्याही क्षणी कुणीतरी समोर उभं राहणार, हे त्याने धरूनच चालायचं. अन्सूला तरुणपणी हा नियम फार आवडायचा. अलीकडे तो आठवला की त्याला अंगावर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं.

त्या दिवशी तेनिंग उजवीकडून आली. अन्सू बास्केटच्या खाली, अगदी रेषेवर, यापेक्षा चांगली जागा पंचाला मिळत नाही. त्याने चेंडू पाहिला नाही. त्याने अडवणाऱ्या मुलीचे पाय पाहिले, पांढऱ्या बुटांना हिरवी पट्टी होती. डावा पाय टेकलेला, उजवा अजून हवेत, आणि कुल्ला वळून बाहेर येणारा. सगळं स्वच्छ दिसलं. दिसलं, हे तो स्वतःपाशी कधीच नाकारत नव्हता. छातीत हवा भरली, ती घशापर्यंत आली आणि तिथे त्याला जेगानचं वाक्य भेटलं, हसू काढून टाकलेलं. हवा नाकातून निघून गेली. मग तो आवाज. गॅलरीत एवढा गोंगाट होता, तरी तो आवाज त्याला वेगळा ऐकू आला, भिजलेलं लाकूड मोडावं तसा. तेनिंग पडली आणि ओरडली नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तक्रारीने नव्हे, तर पुढे काय करायचं हे मोठ्या माणसाला विचारावं तसं. गुडघा कायमचा गेला, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने पावाच्या टपरीवर दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून ऐकलं. त्यानंतर तो जेगानच्या दुकानावरून गेला नाही; पँटसुद्धा सैल करायला एका पोराच्या हाती धाडली होती. मागच्या गल्लीने जायचा, आणि मागच्या गल्लीत माणसं त्याला नमस्कार करायची, तब्येत विचारायची. कुणी शिवी देईल म्हणून तो रोज कान टवकारून बसायचा. शिवी आलीच नाही. आज सकाळी मात्र जेगानने निरोप धाडला होता, पँट तयार आहे.

बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही. पट्टीतली ती गाठ प्रत्येक खड्ड्यागणिक पाठीला टोचत होती, बसली रे बसली जागेवर म्हणेपर्यंत पुन्हा. मासळीची पाटी घेतलेली एक बाई मागून त्याच्या बरगडीत घुसली. बाजूने, कुल्ल्याने, दोष बाईचा, असं त्याचं डोकं आपोआप म्हणालं. एक पोरगा उतरता उतरता खांद्याला घासून गेला. किरकोळ, खेळ चालू. मग त्याच्या लक्षात आलं की मागे कुणीतरी त्याच्या कमरेवर तळवा टेकवून उभं आहे. नुसता टेकवलेला तळवा, बरोबर गाठीवर. त्याला मागे वळायचं धाडस होईना. कोण असेल? जेगान असेल का? जेगान बसने जात नाही. जेगानने कुणाला पाठवलं असेल? त्याच्या हाताची मूठ आपोआप वळली आणि डोक्यावर गेली, फाऊलची खूण, भरगच्च बसमध्ये. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, दांडी पकडायची तर जरा मागे आहे." लोक हसले. तळवा निघून गेला. त्याने शेवटी मागे पाहिलं तेव्हा एक म्हातारी आपली पिशवी सावरत होती, तिने तोल जाईल म्हणून त्याचा आधार घेतला होता.

सामना साधाच होता, कॉलेजच्या मुलांचा, कुणाचं काही बिघडायचं नव्हतं. चेंडू उडाला आणि अन्सूने शिटी वाजवायला सुरुवात केली. हात लागला, शिटी. खांदा लागला, शिटी. नुसती सावली सावलीला लागली तरी शिटी. मुलं आधी वैतागली, मग हसू लागली. एकाने तर जोडीदाराला दुरूनच हात जोडले की बाबा, मला बघू नकोस, काका फाऊल देतील. त्याच्या बरोबरचा पंच बादू, वयाने बराच लहान, थांबलेल्या वेळात जवळ आला आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारून गेला. अन्सू मान हलवत राहिला. दर वेळी चेंडू घेऊन कुणी बास्केटकडे वळलं की त्याला तो लाकडाचा आवाज आधीच ऐकू यायचा, धडकेच्या अगोदर, आणि तो आवाज खरा होऊ नये म्हणून तो शिटी फुंकायचा. गाठ तापल्यासारखी वाटत होती. शेवटाकडे एक उंच मुलगा चेंडू घेऊन धावत आला, समोर कुणीच नव्हतं, अगदी मोकळं मैदान, आणि अन्सूची शिटी वाजली. खेळ थांबला. सगळे त्याच्याकडे वळले. त्या मुलाने चेंडू काखेत धरून फार शांतपणे विचारलं, "काका, कोणी?" अन्सूला बोट दाखवायला कुणी सापडेना. त्याने शिटी ओठांतून काढली, बादूच्या हातात दिली आणि मैदानाबाहेर गेला. आयुष्यात असं त्याने कधी केलं नव्हतं.

उतरत्या उन्हात तो ग्राँ योफला परतला तेव्हा मागच्या गल्लीने जायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. भीती अंगात फार वेळ राहिली की तिचाही एक प्रकारचा कंटाळा येतो. काय शिवलंय ते जेगाननेच सांगावं, काय करायचं ते त्याने करावं, एकदाचं होऊन जावं. जेगान दुकानात एकटाच होता, चहाची किटली शेगडीवर ठेवून दोन पेल्यांत चहा वरून खाली ओतत बसलेला. मागच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. अन्सूला पाहून तो पुन्हा उठला, पुन्हा तेच शांततेचे प्रश्न.  अन्सूने पाठ वळवून कमरेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे, जेगान?"

 जेगानने किटली खाली ठेवली. ठेवताना तिचं झाकण खडखडलं, आणि अन्सूने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात कापत होते. हा माणूस घाबरला आहे, हे अन्सूला इतकं अनपेक्षित होतं की त्याला आधी वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाहीये.

"राखण आहे," जेगान म्हणाला. "तुमच्यासाठी. गावाहून करून आणली. तुम्ही ऐकलं नाहीत त्या दिवशी, गोंगाट होता. तिच्या कमरेला धरून रेटत होते आणि तुम्ही वाजवेनात. दुसऱ्यांदा वाजवली नाहीत तेव्हा मी शाप दिला. थट्टेतला नाही. खरा दिला, पोटातून." तो पेल्याकडे बघत बोलत होता. "म्हणालो, ज्याच्यावर याचा जीव आहे ते याच्या डोळ्यांसमोर आडवं होऊ दे. जोलाला म्हणालो मी हे, सेरेर असून. आणि पुढच्याच चालीला कोण आडवं झालं ते तुम्ही पाहिलंत. माझाच शाप, माझ्याच पोरीवर. उरलेला तुमच्याकडे जाऊ नये म्हणून ते शिवलं. थट्टा कुठल्या तोंडाने करू? हे तोंड आता थट्टेचं राहिलं नाही."

अन्सूच्या अंगात सर्वांत आधी जे भरलं ते सुख होतं. उबदार, लाजिरवाणं सुख. म्हणजे जेगानला आपला संशय नाही. म्हणजे शाप होता. शापाने गुडघा गेला, पंच काय करणार? नुसतं गप्प बसायचं. जेगानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, होतं असं, मालकाचंही चुकतं कधी; जेगान रडेल, मग हसेल, मग उद्यापासून गुलाम, भातखाऊ, सगळं परत. किती सोपं होतं! जेगान जन्मभर आपल्या तोंडाला घाबरून जगला असता, आणि ही भिंत पुन्हा अन्सूच्या घराला लागून उभी राहिली असती. त्या दिवशी शिटी वाजवली नाही तेव्हाही हवा अशीच नाकातून गेली होती, आवाज न करता. पहिल्यांदा सोडलं की दुसऱ्यांदा सोडायला काहीच लागत नाही. अन्सूला आता शापाची भीती वाटत नव्हती, जेगानची नव्हती. आपण पुन्हा तेच करणार आहोत, याची वाटत होती.

 त्याचा हात उठला. मूठ वळून सरळ डोक्यावर गेली, आणि तो तिथे ती धरून उभा राहिला, सामन्यात उभं राहतात तसा, सगळ्यांना दिसेपर्यंत. मग दोन्ही हात खाली आणून त्याने कमरेवर ठेवले. अडवणाऱ्याची चूक. उजव्या अंगठ्याखाली गाठ लागली.

जेगानने आयुष्यभर पहिल्या रांगेतून सामने पाहिले होते. त्याला ती खूण कुणी समजावून सांगायला नको होती.  त्याने विचारलं, "दिसलं होतं?" अन्सूने मान हलवली. "पाय टेकला नव्हता तिचा?" नव्हता. "मग?" अन्सू म्हणाला, "लोक म्हणत होते, मालकाने सांगितलं की वाजवतो." हे वाक्य त्या लहानशा दुकानात किती क्षुद्र वाटलं, ते त्याला बोलतानाच कळलं.

"पँट काढ," जेगान म्हणाला.

अन्सूने पँट काढली. कुणा गिऱ्हाइकाचं शिवायला आलेलं कापड हाताला लागलं ते कमरेला गुंडाळून तो मशीनपाशी उभा राहिला. जेगानने चष्मा लावला, पातं घेतलं आणि कमरपट्टी टाक्याटाक्याने उसवू लागला. हात आता कापत नव्हते. चामड्यात शिवलेली ती बारीक पुडी बाहेर आली, ती त्याने स्वतःच्या खिशात टाकली, आणि पट्टी तशीच उघडी ठेवून पँट अन्सूच्या अंगावर फेकली.

"गुलामाला राखण कशाला हवी?"

आला तो शब्द. सकाळपासून, खरं तर त्या सामन्यापासून, अन्सूने त्याची वाट पाहिली होती. जेगान हसत नव्हता. तो हसेल म्हणून अन्सू थांबला. जेगान पाठ करून चहाकडे वळला. त्याने एकच पेला भरला.

अन्सू पँट छातीशी धरून दाराकडे निघाला, तेव्हा मागच्या खोलीचा पडदा हलला. कुबड्यांचा आवाज आला, फरशीवर, एकामागून एक, घाई नसलेला. मशीन आणि भिंत यांच्यामधली वाट अरुंद होती, आणि अन्सू उंबऱ्याशी पोचायच्या आत तेनिंग त्या वाटेत येऊन उभी राहिली. त्याच्यासमोर, तोंड समोर, छाती समोर. किती वाळली होती! पडद्याला कान असतात हे त्याला आधी कळायला हवं होतं.

"बाबांना सांगितलंस," ती म्हणाली. "आता मला सांग."

अन्सूने सवयीने तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही कुबड्या घट्ट टेकलेल्या होत्या. पाय एकच टेकला होता.